मंगळवारी नऊ ते पाच

हेस्कॉमची बातमी, पेपरात चार ओळींची:
वडगाव, खासबाग आणि आसपास
तारा बदलायच्या आहेत,
मंगळवारी नऊ ते पाच वीज नाही.
मी ती कात्रीनं कापून मागाच्या खांबाला डकवली.
मालन कांड्या भरत होती.
मी बोट दाखवलं, तिनं वाचलं,
आणि लग्नाच्या बाविसाव्या वर्षी
आम्ही गाव बघायला जायचं ठरवलं.
आमचंच गाव.

ठरवलं म्हणजे ओठांनी.
चार माग चालू असले की
आमच्या घरात बोललेलं ऐकू येत नाही, दिसतं.
मी म्हटलं किल्ला.
तिला दिसलं किल्ली,
तिनं कमरेची काढून हातावर ठेवली.
मग मी हवेत बुरूज काढले, खंदक काढला,
आतली बस्ती, छताला दगडाचं कमळ;
सातवीच्या सहलीत बघितलेलं, मान अवघडेपर्यंत.
तिनं कानाशी येऊन विचारलं,
"वर बघायला तिकीट हाय काय?"

बसच्या पाट्या तू वाचायच्या.
तुझी बैलहोंगलची कन्नड शाळा, चौथीपर्यंतची,
मी नुसता आकडा बघून चढणारा,
एकदा असाच झोपेत सुळग्याला जाऊन आलोय.

किल्ल्यावरून क्याम्प.
मिलिटरी महादेवाला झाडाखाली बाकडी आहेत.
"तिथं काय करायचं?"
बसायचं.
"आणि?"
पुढचं मला सुचलं नाही.
धागा तुटला. तिसरा माग थांबवून
मी गाठ मारून आलो,
तोवर ती जेवणापर्यंत पोचली होती.

जेवणाचं जमेना.
मला खानावळ हवी: भाकरी, एण्णेगाय, शेंगाचटणी,
वाढणारा ताटाशी उभा राहून आग्रह करतो तसली.
ती म्हणाली, भाकरी मी रोज थापतोय की घरात,
त्याला पैसे कशाला?
तिला हवा गार हवेचा हॉल,
काचेचा दरवाजा, कुणीतरी उघडून धरलेला,
आणि एवढा लांब डोसा
की दोघांनी दोन टोकांकडून सुरू करावा.
हे तिनं हातांनी दाखवलं
आणि हात मापाएवढे लांब करून
थोडी लाजली.

परतीला पाव किलो कुंदा.
अर्धा पोरीला, धारवाडला, कुणाच्या तरी हाती.
उरलेला वाटेतच खायचा, कागदावरून,
शेजाऱ्यांना दिसायच्या आत.

हे सगळं मी बिलाच्या पाठीवर लिहिलं.
वेळा घातल्या. बेरीज केली. सातशे चाळीस.
तिनं पेन्सिल घेतली
आणि मध्येच, क्याम्प आणि जेवणाच्या फटीत,
तिरकं लिहिलं: खडे बाजार.

घ्यायचं काही नाही, म्हणाली.
काचेत आपली साडी लावलेली असेल,
मोरपंखी, रुईफुलाच्या काठाची.
तिची चिठ्ठी बघायची, कितीला विकतात.
हात लावून बघायचा.
आपण विणली म्हणून सांगायचं नाही.
दुकानदार म्हणेल, बघा वैनी, कसलं पोत आहे,
तर हो म्हणायचं.

मी मागांकडे बघितलं.
एका साडीचे आम्हाला किती सुटतात
ते दोघांनाही पाठ आहे.
ती बेरीज कागदावर मांडली नाही.

पाचला परत. मुकादमानं बजावलंय,
लाईट आली की धोटा फिरला पाहिजे.
म्हणजे साडेचारची बस,
म्हणजे कमळाखाली फार तर वीस मिनिटं.

रात्री माग बंद झाले.
कानात खडखडाट तसाच फिरत होता.
अंधारात मी विचारलं,
जरा मोठ्यानंच, सवयीनं,
आणि नाहीच गेली लाईट तर?
तारा बदलायचं पुढं ढकललं तर?

ती कुशीवर वळली.
मेन स्विचला
माझा हात पुरतोय की, म्हणाली,
आणि चप्पल शिवून आणा उद्या,
उजवीचा अंगठा तुटलाय.